पिकरची लाल पिशवी

ती व्हॅन आमच्या दारात आली तेव्हा तिच्यामागून गल्लीतली चार कुत्रीही आली. आमच्याकडे यायच्या आधी ती सुरतेतल्या भागळकडच्या एका बेकरीवाल्याची होती. वर्षानुवर्षं टोस्ट, खारी आणि नानकटाई वाहून तिच्या पत्र्यालाच तुपाचा वास लागला होता. दोन्ही अंगांना बिस्किटांची चित्रं होती. माझ्या नवऱ्याने ती रंगवून काढू म्हटलं, पण रंग काही त्याने कधी आणला नाही. त्यामुळे पुढे कितीतरी दिवस लोक रस्त्यात हात करून गाडी थांबवायचे आणि पाव मागायचे. नवरा खिडकीतून काळे हात दाखवायचा आणि म्हणायचा, "आज फक्त नट-बोल्ट आहेत."

तो लूम मेकॅनिक होता, कापड विणायचे यंत्रमाग दुरुस्त करायचा. आम्ही अमळनेरकडच्या खेड्यातून सुरतेला येऊन पाचेक वर्षं झाली होती. डिंडोलीत दोन खोल्या, त्यात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. मी घरी बसून साड्यांना लेस लावायचं काम घ्यायची, त्यासाठी एक जुनं शिलाई मशीनही घेतलं होतं. नव्वदनंतरचे ते दिवस. आमच्याकडे फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या पीसीओत निरोप यायचा आणि पीसीओवाला तिथूनच ओरडायचा, "ओ मिस्त्री, लिंबायतला दोन मशीन बंद!" मशीन बंद पडलं की कामगाराचा हात थांबतो आणि शेठच्या येरझारा सुरू होतात. म्हणून निरोप आला की नवरा ताटावरूनही उठायचा.

आधी तो सायकलवर जायचा. कॅरिअरला दोन गोणपाटाच्या पिशव्या, त्यात पाने, पक्कड, हातोडी आणि लागतील तेवढे सुटे भाग. पिशवीत हात घातला की न बघता हवी ती वस्तू बाहेर. पण कामं वाढली, लांबून बोलावणी यायला लागली, तेव्हा ही व्हॅन घेतली. आणि जागा मोठी झाल्याबरोबर नवऱ्याची शिस्त गेली. बेकरीवाल्याने आत ट्रे सरकवायला लाकडी चौकटी बसवल्या होत्या. "ह्या मध्ये मध्ये येतात" म्हणून पहिल्याच दिवशी त्याने त्या उखडल्या आणि ट्रेसकट आमच्या घराच्या पत्र्यावर फेकल्या. मग गाडीत जे काही जायचं ते फेकलंच जायचं. जुने पट्टे, नवे पट्टे, बेअरिंग, स्प्रिंगा, ग्रीसचा डबा, चिंध्या, एक फुटका रेडिओ, कधी माझं हरवलेलं उलथणं.

मी बोलायची. तो म्हणायचा, "मला माहीत असतं कुठं काय आहे ते."

मग एक दिवस कामरेजला एका कारखान्यात त्याला ते माहीत नव्हतं. बोटाच्या पेराएवढी स्प्रिंग हवी होती. होती गाडीत, सकाळीच त्याने स्वतः टाकली होती. पण सापडेना. त्याने अर्धी गाडी रस्त्यावर उपसली. कामगार गंमत बघायला बाहेर आले. शेठ दारात उभा राहून म्हणाला, "मिस्त्री, आ गाडी छे के भंगारनी दुकान?" सगळे हसले. पाऊण तासाने स्प्रिंग सापडली, ती चिंध्यांच्या बोचक्यात.

घरी येऊन नवऱ्याने ही हकिकत आम्हाला हसत हसतच सांगितली. शेठची नक्कलही केली. पण एरवी तीन भाकरी खाणारा माणूस त्या दिवशी एकीवरच उठला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

"उद्या कारखान्यांना रजा आहे ना?" मी त्याला विचारलं. "गाडी माझ्या ताब्यात द्या."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"माझ्या घरात लाइट गेली तरी मला जिरं सापडतं. तुम्हाला भर दुपारी स्प्रिंग सापडत नाही. मला कळतं तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी मी गाडी रिकामी केली. अंगणात जुन्या चादरी अंथरून त्यावर सगळं मांडलं. शेजारणी बघायला आल्या आणि मग बघता बघता हातही लावायला लागल्या. रॉकेल लावून लावून आम्ही एकेक नट पुसला. मग मी स्वयंपाकघरात मांडते तसं मांडलं. डालड्याचे, चहाचे, बिस्किटांचे रिकामे डबे गोळा केले. लहान नट एका डब्यात, मोठे दुसऱ्यात, बेअरिंग तिसऱ्यात. प्रत्येकावर कागद चिकटवून माझ्या सुंदर अक्षरात नाव लिहिलं. गाडीत दोन फळ्या टाकल्या आणि त्यावर उतरंडीने डबे लावले. पुढे छोटे, मागे मोठे. संध्याकाळी नवऱ्याला दार उघडून दाखवलं तर तो बघतच राहिला.

"ही माझीच गाडी का?" तो म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी शिरा केला.

सकाळी तो निघाला. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. गाडी त्यावरून गेली आणि आतून असा आवाज आला की पीसीओवाला बाहेर पळत आला. मी दारातून धावले. नवऱ्याने मागचं दार उघडलं, तेव्हा पहिल्यांदा एक चहाचा डबा घरंगळत माझ्या पायाशी आला. झाकण उघडं, आत काहीच नाही. जे होतं ते सगळं गाडीच्या तळाशी एकत्र झालं होतं. लहान नट, मोठे नट, बेअरिंग, आणि त्यावर सांडलेलं अर्धा डबा ग्रीस. काल निदान कोरडं तरी होतं.

मला रडूच आलं.  नवऱ्याने ग्रीसमधून एक कागद उचलला, माझ्या अक्षरात 'बारीक वायसर' लिहिलेला, आणि तो स्वतःच्या कपाळावर चिकटवला. तसाच गंभीर चेहऱ्याने उभा राहिला. मी रडता रडता इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. पीसीओवाल्यालाही काय झालं ते न कळता हसू फुटलं.

दुपारी सासूबाई आणि मी परत निवडायला बसलो. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. गावाकडे त्या सुईण होत्या. आमच्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतली निम्मी मुलं त्यांच्या हातची. इथे शहरात त्यांना कुणी बोलवत नव्हतं, आणि त्याचं त्यांना वाईट वाटायचं, पण त्या तसं बोलत नसत. ग्रीस पुसता पुसता त्या मला गावच्या बोलीत म्हणाल्या, "तू त्यानं काम कधी देखं का वं?"

"नाही."

"मंग? न देखता कसं लावशी?"

 पाच वर्षं या माणसाचे काळे कपडे धूत होते, पण तो तिथं नेमकं काय करतो हे मी बघितलेलं नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो आधी नाहीच म्हणाला. "कारखान्यात तू काय करणार? कान फुटतील."

"बॉबिन भरायला बायका असतात ना तिथं? त्यांचे फुटले का?"

"त्या कामाला असतात."

"मीही कामालाच येते आहे."

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "लई जाय तिले," त्या म्हणाल्या. तिला घेऊन जा. संपलं.

पहिल्यांदा गेलो ते लिंबायतमधल्या एका कारखान्यात. आत पाय टाकला तर बोलणंच संपलं, असा आवाज. चाळीस-पन्नास मशीनं एका लयीत धडधडत होती आणि पायाखालची फरशी थरथरत होती. कापसाचे, रेशमाचे बारीक तंतू सगळ्यांच्या केसांवर बसलेले. बॉबिनवर धागा भरणाऱ्या बायकांनी मला बघून हात हलवला. त्यातली एक आमच्या अमळनेरकडचीच होती, हे मागाहून कळलं. तिने मला बसायला रिकामी पेटी दिली आणि खुणेनेच विचारलं, नवरा का? मी मान हलवली. तिने खुणेनेच सांगितलं, चांगला मिस्त्री आहे. मला उगीचच पदर सारखा करावासा वाटला.

त्या दिवशी काम होतं पिकरचं. साडीचा आडवा धागा घेऊन जो धोटा मशीनमध्ये इकडून तिकडे पळतो, त्याला टोला मारणारा तुकडा म्हणजे पिकर. टोले खाऊन खाऊन तो झिजतो, मग बदलावा लागतो. सगळ्यात जास्त बोलावणी त्याचीच. नवरा मशीनखाली शिरला. मी पेटीवर बसून बघत होते. तो बाहेर आला, गाडीकडे गेला, पाना घेऊन आला. परत खाली शिरला. परत बाहेर आला, दुसरा पाना आणला. मग पिकर. मग चामड्याची पट्टी. मग तेल. मग चिंधी. काढलेले नट त्याने जमिनीवर ठेवले होते. त्यातला एक घरंगळत शेजारच्या मशीनखाली गेला, म्हणून तसलाच एक शोधायला पुन्हा गाडीकडे. मी बोटांवर मोजत होते. एका पिकरसाठी माणूस अकरा वेळा गाडीपर्यंत गेला. आणि त्याचे हात, मी पहिल्यांदाच बघत होते ते हात काम करताना, काय सुरेख चालत होते! अंधारात, तिरक्या अंगाने, न बघता बोटांनी चाचपून तो नट बसवायचा. काम उरकायला वेळ लागतच नव्हता. वेळ जात होता तो सगळा येण्याजाण्यात.

मशीन परत धडधडायला लागलं तेव्हा तो माझ्याकडे बघून हसला. त्याच्या कपाळावर काळा पट्टा ओढला होता. मी आवाजात काहीच बोलू शकत नव्हते, म्हणून फक्त दोन्ही हातांची बोटं दाखवली आणि वर एक. त्याला काही कळलं नाही.

त्या आठवड्यात मी आणखी तीन ठिकाणी गेले. वहीत लिहून घेतलं, कुठल्या कामाला आधी काय लागतं, मग काय. घरी येऊन ती वही आत्याबाईंना वाचून दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ऐकताना त्या अशी मान डोलवत होत्या की जणू ओळखीचं काही ऐकताहेत. ऐकून झाल्यावर त्यांनी मुलाला विचारलं, "मन्हं गाठोडं याद शे का तुले?"

नवऱ्याला आठवलं. बाळंतपणाचं बोलावणं आलं की आत्याबाई खुंटीवरचं एक गाठोडं उचलायच्या आणि निघायच्या. त्यात सगळं असायचं. दोरा, नवं पातं, धुतलेली फडकी, तेल, ओवा. घरी परत आल्या की आधी ते गाठोडं पुन्हा भरायचं, मग स्वतः जेवायचं. त्या मला समजावत होत्या, म्हणजे मराठीत सांगायचं तर असं, की बाळंतिणीच्या घरी गेल्यावर मी दोऱ्यासाठी माघारी आले असते तर पोर थांबलं असतं का?

मला एकदम लख्ख दिसलं. नट नटांजवळ आणि स्प्रिंगा स्प्रिंगांजवळ ठेवून उपयोग नव्हता. पिकरचं सगळं पिकरजवळ पाहिजे होतं. प्रत्येक दुखण्याचं एक गाठोडं.

दुसऱ्या दिवसापासून शिलाई मशीन दणाणलं. गाड्यांवर टाकायच्या ताडपत्रीचे तुकडे आणले आणि जाड पिशव्या शिवल्या, आत खणाखणांच्या. प्रत्येक पाना ज्याच्या त्याच्या खणात. बाहेरून रंग कळावा म्हणून साडीच्या काठांच्या पट्ट्या लावल्या. सुरतेत चिंध्यांना काय तोटा! पिकरची लाल, पट्ट्याची हिरवी, मोटरची निळी, बेअरिंगची पिवळी. जे पाने सगळीकडे लागायचे ते प्रत्येक पिशवीत वेगळे. त्यासाठी काही जुने पाने जुन्या बाजारातून घ्यावे लागले. नवऱ्याने कुरकुर केली, पण आत्याबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. घरंगळणाऱ्या नटांसाठी मी एक स्टीलची ताटली काढली, आणि फुटक्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक तिच्या बुडाला चिकटवलं. त्यात टाकलेला नट गाडी उलटी झाली तरी हलायचा नाही. ही युक्ती माझी एकटीची होती, आणि मी ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला नट टाकून, ताटली उलटी करून दाखवली.

उरला प्रश्न गतिरोधकाचा. आमच्या शेजारी अमरावतीकडचा एक सुतार राहायचा. त्याला बोलावलं. त्याने गाडीत डोकं घातलं, मग पत्र्यावर पडलेल्या बेकरीच्या चौकटी बघितल्या आणि कपाळावर हात मारला.

"काऊन फेकल्या होत्या ह्या? पाव पडत नव्हता तं तुमचे नट काऊन पडतीन?"

नवरा कान खाजवत दुसरीकडे बघायला लागला.

सुताराने एका रजेच्या दिवशी त्या चौकटी परत बसवल्या. ट्रेना पुढून लाकडी ओठ लावले, म्हणजे सरकून बाहेर येऊ नयेत. वर पिशव्या टांगायला एक लोखंडी नळी आडवी टाकली. त्याच्या मागे उभी राहून मी सांगत होते, लाल पिशवी दाराशी, कारण ती सगळ्यात जास्त लागते. निळी आत चालेल. तेलाचा डबा खाली कोपऱ्यात, पट्ट्याने बांधून. तो म्हणायचा, "हाओ वहिनी, हाओ," आणि करायचा मात्र स्वतःच्या मनासारखं, आणि ते माझ्यापेक्षा बरं निघायचं. दुपारी सगळ्यांनी मिळून अंगणातच वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली. जेवल्यावर नवऱ्याने गाडी काढली. मी, आत्याबाई आणि सुतार मागे पिशव्यांमध्ये बसलो. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर सगळ्यांनी श्वास रोखला. गाडी चढली, उतरली, आणि पिशव्या नुसत्या एका बाजूला झुलून परत जागेवर आल्या. आत्याबाई ओरडल्या, "आजून एकदाव!" नवऱ्याने गाडी फिरवली. आम्ही त्या गतिरोधकावरून पाच वेळा गेलो.

काही दिवसांनी पीसीओवाल्याने ओरडून सांगितलं, "कामरेज! पिकर!" नवरा माझ्याकडे बघत म्हणाला, "येतेस?" मी चुलीवरची डाळ आत्याबाईंच्या हवाली केली.

तोच कारखाना, तोच शेठ. नवऱ्याने मशीन दोन मिनिटं बघितलं. मग गाडीकडे गेला, लाल पिशवी आणि ताटली घेतली आणि मशीनखाली शिरला. मी दाराशी उभी राहून बघत होते. माझ्या छातीत त्या मशीनांपेक्षा जोरात धडधडत होतं. तो बाहेर आलाच नाही. नुसता एक हात बाहेर यायचा, पिशवीत जायचा, हवं ते घेऊन परत आत. शेठ येरझारा घालायला निघाला होता, तो तिसऱ्या फेरीला थांबला. वीसेक मिनिटांत मशीन सुरू झालं.

शेठ गाडीकडे आला आणि आत डोकावला. ओळीने टांगलेल्या रंगीत पिशव्या, ट्रेमध्ये बसलेले खोके. त्याने एक ट्रे बाहेर ओढला, परत आत सरकवला, परत ओढला, लहान मुलासारखा. मग विचारलं, "आ कोणे गोठव्युं?" हे कुणी लावलं?

नवऱ्याने तेलकट बोट माझ्याकडे केलं. "आमच्या हिने," तो म्हणाला. "आणि माझ्या आईने."

शेठने मला हात जोडले. "बेन, मारी ऑफिस पण गोठवी आपो," माझं ऑफिसही लावून द्या, असं तो म्हणाला, आणि खरंच मला आत नेऊन आपलं टेबल दाखवलं. त्यावर बिलं, कापडाचे नमुने, तीन चष्मे आणि अर्धी खाल्लेली माव्याची सुरती घारी होती. मी म्हटलं, हे माझ्या हाताबाहेरचं आहे. तो इतका मोठ्याने हसला की मशीनांच्या आवाजातही ऐकू आलं. निघताना त्याने घाऱ्यांचा पुडा बांधून दिला, न खाल्लेल्या.

परतीच्या रस्त्यावर नवरा सारखा गात होता. त्याला सूर नव्हता आणि शब्दही अर्धेच यायचे. उसाच्या शेतांजवळ त्याने गाडी बाजूला घेतली. आम्ही मागचं दार उघडून तिथेच पाय सोडून बसलो आणि घारी खाल्ली. तो म्हणाला, "एवढी वर्षं मी एकट्याने काम केलं." मी म्हटलं, "मग?" तो म्हणाला, "काही नाही," आणि आणखी एक घारी माझ्या हातावर ठेवली. आत्याबाईंसाठी दोन राखून आम्ही निघालो.

गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. आधी दुसरा एक लूम मेकॅनिक आला, स्कूटरवाला. त्याला स्कूटरला दोन्ही बाजूंनी लटकतील अशा पिशव्या शिवून दिल्या. मग फ्रिज दुरुस्त करणारा आला, मग रिक्षातून फिरणारा एक वायरमन. लेस लावायचं काम हळूहळू सुटलं. मी प्रत्येकाला पहिलं सांगायची, मी एक दिवस तुमच्याबरोबर येणार. काहींना ते विचित्र वाटायचं. आत्याबाईही बरोबर यायचं म्हणायला लागल्या. फ्रिजवाल्याबरोबर त्या एका मोठ्या सोसायटीत गेल्या आणि तिथल्या एका अवघडलेल्या सुनेची पाठ चोळून देऊन, ओव्याचा काढा सांगून आल्या. पुढे त्या घरून त्यांना तीनदा बोलावणं आलं, तेही पीसीओवर. पीसीओवाला आता दोन आवाजांत ओरडायचा. मशीनसाठी "मिस्त्री!" आणि दुसऱ्यासाठी "आजी!"

मला आठवतो तो एक रजेचा दिवस. सकाळचं कोवळं ऊन होतं आणि आमच्या दारात ओळीने तीन गाड्या उभ्या होत्या. अंगणात चादरींवर कुणाकुणाचे संसार मांडलेले. सुतार मोजमाप घेत होता. आत्याबाई खुर्चीवर बसून हुकूम सोडत होत्या. आणि माझा नवरा आत चुलीपुढे बसून पंधरा माणसांचा चहा करत होता. जन्मात कधी केला नव्हता. साखर किती, हे त्याने आतून चार वेळा ओरडून विचारलं, आणि चहाची पूड कुठे आहे हे दोनदा. चहा फार गोड झाला होता. सगळ्यांनी तो प्यायला, आणि सुताराने तर दुसरा कप मागितला.

मग मी पदर खोचला आणि रांगेतल्या तिसऱ्या गाडीचं, प्लंबरच्या गाडीचं, मागचं दार ओढलं. आतून एक बादली, तीन नळ आणि एक किसणी धाडदिशी रस्त्यावर पडली. शेजारी उभी असलेली प्लंबरची बायको त्या किसणीकडे बघत राहिली.

"ही मी दिवाळीपासून शोधते आहे," ती म्हणाली.